माझ्या वाटणीची गोष्ट

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो. कारखान्यात जन्मले, दुकानाच्या काचेमागे धूळ खात पडले आणि एके दिवशी एका गाण्याच्या बाईंच्या संगणकात जाऊन बसले. तिथे माझं नशीब उघडलं.

बाई समोरच्या खोलीत शिकवायच्या आणि प्रत्येक शिकवणी माझ्यात साठवायच्या. बेसूर विद्यार्थी, मध्येच वाजणारी दाराची बेल, बाईंचं ते ठरलेलं "परत म्हण, घाई कसली?", सगळं मी पोटात घेतलं. "हे माझं तिसरं लेकरू," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. मला कोण आनंद व्हायचा!

मग बाई गेल्या. त्यांचा थोरला मुलगा खाली राहायचा, धाकटी लेक वरच्या मजल्यावर. कपाटं वाटून झाली, भांडी झाली, चमच्यांवरूनही तोंडातोंडी झाली. शेवटी उरले मी.

"अर्धी तुझी, अर्धी माझी. दोन पार्टिशनं करतो, म्हणजे दोन वेगळे कप्पे," दादा म्हणाला. स्वतःच्या संगणकावर त्याने नुकतीच लिनक्स नावाची नवी प्रणाली घातली होती, त्यामुळे शहाणपण उतू चाललं होतं.

"आणि आतली आईची गाणी?"

"अगं, घरात मध्ये भिंत घातली म्हणून सामान नाहीसं होतं का? ज्याच्या बाजूला जे येईल ते त्याचं."

इथेच घात झाला. फाइल सिस्टिम म्हणजे आपल्या पोटात कुठे काय ठेवलंय याची माझी आठवण. प्रत्येक पार्टिशनमध्ये ती नव्याने घालावी लागते, आणि नवी घातली की जुनी जाते. 'आधीचं सगळं जाईल, चालेल का?' असं पडद्यावर विचारलंही होतं. दादाने न वाचता 'हो' ठोकलं. मी बिचारी नुसती घरघरले.

बहिणीने आपला भाग उघडला, तर रिकामा. तिला वाटलं, दादाने मुद्दाम गाणी आपल्याकडे घेतली. दादाचा भागही रिकामाच. त्याला वाटलं, सगळं हिच्या वाट्याला गेलं. पण विचारायचं कोणी? दोघंही तोंड फिरवून बसले आणि ताबा राहावा म्हणून आळीपाळीने मला नेऊन आपापल्या हिश्शात सिनेमे, लग्नाचे व्हिडिओ, मिळेल ते भरत सुटले. खरं सांगते, तोवर बाई माझ्यात होत्या. सापडत नव्हत्या, पण होत्या. वरून एकेक सिनेमा लिहिला गेला तसं खालचं एकेक गाणं पुसलं गेलं, आणि तेही माझ्याच हातून.

बाईंच्या वाढदिवशी बहीण जिना उतरून आली. डोळे सुजलेले.

"दादा, भांडायला नाही आले. एकदाच आईचं गाणं ऐकव."

"माझ्याकडे कुठंय? तुझ्याकडेच आहे ना?"

दोघांनी आपापला भाग उघडून एकमेकांना दाखवला. मग ते मला घेऊन दुरुस्तीच्या दुकानात धावले.

डिस्क दुरुस्त करणारीने मला खूप धुंडाळलं. "नुसती पार्टिशनं करून थांबला असतात तर बरंच मिळालं असतं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही वरून लिहीत गेलात." एकच तुकडा हाती लागला. त्यात गाणं नाही. बाई कोणाला तरी म्हणताहेत, "परत म्हण, घाई कसली?"

आता ती दोघं समोरच्या खोलीत शेजारी बसून तेवढंच ऐकतात. संपलं की बहीण म्हणते, "परत लाव." माझा जीव तुटतो.

म्हणून मित्रांनो, कळवळून सांगते, माझ्यासारखीला हात लावण्याआधी प्रत काढा, आणि एकमेकांना विचारा. त्या घरातली बाकी प्रत्येक वस्तू वाटली की कोणाला तरी कमी पडणारच होती. मी एकटीच दोघांनाही अख्खी मिळाले असते.