घट्ट माप

"बोटं जरा पसरा, ताई. आणखी थोडी. दुखलं तर सांगा."

"दुखतंच आहे मास्तर, सांगून काय होणार?" बेकरीवाली म्हणाली आणि स्वतःच हसली.

मास्तरांनी तिच्या करंगळीच्या बुडाशी अलगद टेप वेढली आणि आकडा वहीत लिहिला. हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईखात्याला लागून असलेल्या त्या खोलीत एक शिलाई मशीन, एक टेबल आणि दोन खुर्च्या, एवढाच काय तो संसार होता. भट्टीतून काढलेला तापलेला पत्रा घसरून बेकरीवालीचा उजवा हात भाजला होता. जखम भरली होती, पण वण लालभडक होऊन वर उठत होता. तो दाबून सपाट ठेवायला आंघोळीची वेळ सोडून दिवसरात्र घालायचा घट्ट हातमोजा लागतो. तो शिवणं हे मास्तरांचं नवं काम.

नवं म्हणजे अगदीच नवं. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मास्तर स्वतःच्या दुकानात शर्ट-पँटी शिवत होते, एकतीस वर्षं. लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि दुकानात माशा मारायची वेळ आली, तेव्हा बायकोनेच वर्तमानपत्रातली जाहिरात कापून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"या वयात आजाऱ्यांचे कपडे शिवू?" मास्तर फुरंगटून म्हणाले होते.

"मग सध्या कोणाचे शिवताय?"

मास्तरांनी चष्मा काढला. कोंडीत सापडले की ते चष्मा पुसत. चष्मा लख्ख झाल्यावर त्यांनी अर्ज लिहिला, आणि सहा महिन्यांच्या बोलीवर त्यांना घेतलंही.

हात सराईत होता, पण हातालाच एक खोड होती. मास्तरांनी शिवलेला कपडा अंगावर आहे की नाही हे कळत नाही, अशी त्यांची ख्याती. गिऱ्हाइकाने न सांगताही ते मापापेक्षा थोडं सैल बेतायचे. भरपेट जेवूनही माणसाने आपली आठवण चांगल्या शब्दांत काढावी, एवढीच त्यांची हौस. इथे सगळंच उलटं. माप घ्यायचं आणि त्याहून लहान बेतायचं. "बोचला नाही तर त्याचा उपयोग नाही, मास्तर," थेरपीच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मास्तरांनी मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं?

चार दिवसांनी हातमोजा तयार झाला. तो चढवताना बेकरीवालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मास्तर, थोडासाच सैल करा ना. हाताला नुसता ठणका लागलाय. मी कोणाला सांगणार नाही, शपथ!"

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. मॅडम वरच्या मजल्यावर होत्या. समोर एक बाई रडवेली होऊन बसली होती आणि तिचं दुःख दोन टिपांचं होतं. त्यांनी टाके उसवले आणि बोटांच्या कडेने सूतभर बाहेरून टीप मारली.

"आता कसं!" हातमोजा घालून ती म्हणाली. "जीव भांड्यात पडला. तुम्ही म्हणजे देवमाणूस आहात."

त्या दिवशी मास्तर शीळ घालत घरी गेले. दुकान गेल्यापासून त्यांना देवमाणूस कोणी म्हटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर साधा माणूसही फारसं कोणी म्हटलं नव्हतं.

सहा आठवड्यांनी बेकरीवाली तपासणीला आली. मॅडमनी मास्तरांनाही बोलावून घेतलं. हातमोजा उतरवला आणि हात उजेडाकडे वळवला. वण दोरीसारखा जाड झाला होता. अंगठा तळव्याकडे ओढला गेला होता आणि करंगळी सरळ होत नव्हती. मॅडमनी हातमोजा ताणून पाहिला, मग वहीतलं माप पाहिलं.

"हा सैल कसा झाला?"

"मी केला," बेकरीवाली घाईघाईने म्हणाली. "घरी उसवला आणि पुन्हा शिवला. माझंच चुकलं."

गप्प राहिलं असतं तर भागलं असतं. पण टेबलावर तो आखडलेला हात उताणा पडला होता.

"मॅडम, या हाताने त्या सुई तरी धरू शकतील का?" ते म्हणाले. "मी सैल केला. त्यांना त्रास होत होता म्हणून."

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, यांना पुन्हा कणीक मळायची आहे. अजून दोन महिने असेच गेले तर अंगठा ऑपरेशन करून सोडवावा लागेल. सोमवारी नवा हातमोजा द्या, मापात. तोही सैल निघाला तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट वाटेल मला, पण बघेन."

शनिवारी मास्तरांनी आधी स्वतःच्या उजव्या हाताचं माप घेतलं, त्याहून लहान हातमोजा बेतला, शिवला आणि घालून घरी गेले.

"हे काय सोंग?" बायकोने विचारलं.

मास्तरांनी सगळं सांगितलं. दोन दिवस त्यांनी तो काढला नाही. बोटांना मुंग्या आल्या, कप हातात ठरेना, घास चमच्याने खावा लागला. रविवारी दुपारी शर्टाचं बटण लावायला ते आरशासमोर उभे राहिले, ते राहिलेच. हजारो बटणं लावलेल्या माणसाला एक बटण लागेना. शेवटी बायको पुढे आली आणि वरपासून खालपर्यंत एकेक बटण तिने लावून दिलं.

"काढा आता तो. कोण बघतंय?"

"तिलाही दिवसभर असंच होत असणार गं."

"मग द्या ना बापडीला थोडा सैल करून."

"तेच तर केलं होतं!" मास्तरांचा आवाज फुटला. "एकतीस वर्षं समोरच्याला बरं वाटेल तेच शिवलं. दुसरं मला येतच नाही."

बायकोने त्यांची कॉलर सारखी केली. "मग शिका," ती म्हणाली. "येत नाही म्हणून माझ्याकडे काय बघताय?"

सोमवारी बेकरीवाली आली. मास्तरांनी नवा हातमोजा तिच्या हातावर चढवायला घेतला. एकेक बोट, बुडापर्यंत.

"आई गं! मास्तर, हा पहिल्यापेक्षा घट्ट आहे!"

"हो. पहिल्यासारखाच बेतला असता, पण वण वाढलाय. तो माझ्यामुळे वाढला."

"सूतभर तरी सोडा."

"नाही, ताई."

"तुम्हाला काय जातंय नाही म्हणायला? दुखतं ते मला!"

मास्तरांचा उजवा हात खिशात गेला. हातमोजा सकाळीच उतरवला होता, पण त्याचे वळ अजून लाल होते. दाखवले असते तर ती विरघळली असती, कदाचित पुन्हा देवमाणूस म्हणाली असती. आणि तसं म्हणाली असती तर आपण उसवायला घेतलं असतं, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी हात खिशातच ठेवला.

"पुढच्या सोमवारी या," ते म्हणाले. "तोवर आंघोळीशिवाय काढायचा नाही."

ती उठली. त्यांच्याकडे न बघता निघून गेली. मास्तरांना फार वाईट वाटलं. तिच्या चपलांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता आणि तिला परत हाक मारावी असं त्यांना शेवटच्या पायरीपर्यंत वाटत राहिलं.

मग दारात एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांच्या कोपरापासून मनगटापर्यंत ताजा लाल वण होता. खुर्चीत बसण्याआधीच ते म्हणाले, "मास्तर, फार घट्ट नका हं शिवू."

"घट्टच शिवणार, आजोबा. दुखेल. सुरुवातीला तर फारच दुखेल."

आजोबांचा चेहरा पडला, तरी त्यांनी हात टेबलावर ठेवला. मास्तरांनी टेप उचलली, दोन्ही तळव्यांत घोळवून थोडी उबदार केली आणि मग त्यांच्या मनगटाला लावली.