दुसऱ्या घंटेआधी

खासदारकी गेली तरी ‘खासदारसाहेब’ ही हाक काही जात नाही. मारेगावात शंकरसिंगांना दूधवाल्यापासून तहसीलदारापर्यंत सगळे अजून त्याच नावाने ओळखत. तीनदा निवडून आले, मग पक्षाने तिकीट कापलं, मग अपक्ष उभे राहून दोनदा सपाटून आपटले. मधल्या काळात पक्षही बदलून पाहिला होता. कुणी विचारसरणी विचारली की म्हणत, “आपली बाजू गरिबाची.” हे ऐकलं की आत चुलीपाशी बसलेली रुपीबाई भाकरी जरा जोरात थापायची.

एकाच गोष्टीवर मात्र ती आवाज करत नसे. ती गोष्ट मोतीडोहाच्या तांड्याची.

तांडा कोळशावर वसलेला होता, हीच त्याची चूक. ती जमीन घ्यायचा कायदा दिल्लीत येणार म्हटल्यावर सेवालाल महाराजांच्या देवळापुढे नसाब, म्हणजे पंचांची बैठक, बसली. शंकरसिंगांनी तिथे शब्द दिला की जीव गेला तरी विरोधाचं लाल बटण दाबीन. त्या तांड्याची रीत अशी की नसाबेत दिलेला शब्द दिला तो दिला. पुढे तो पाळला का, असं देणाऱ्याला कुणी विचारायचं नाही. विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं.

कायदा झाला. तांडा उठला आणि खाणीपलीकडच्या टिनाच्या वसाहतीत जाऊन पडला. शंकरसिंग परत येऊन म्हणाले, मी लालच दाबलं, पण एकट्याने काय होतं? पुढच्या निवडणुकीत त्यांचं तिकीट कुणाच्या तरी भाच्याला गेलं. लोकांनी मात्र आपल्या मनाशी हिशेब जुळवला की पक्षाविरुद्ध लाल दाबल्याची ही शिक्षा. साहेबांनी तो हिशेब मोडला नाही. टिनाच्या वसाहतीने दोन्ही हरलेल्या निवडणुकांत त्यांनाच एकमुखाने मतं दिली.

त्या वसाहतीतून बिजलीबाई यायची. ती तांड्याच्या नायकाची, म्हणजे प्रमुखाची, विधवा. दर बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी विकून झाली की ती साहेबांच्या घरी यायची आणि खुर्ची दिली तरी उंबऱ्याशीच उकिडवी बसायची. अंबाडीची एक जुडी रुपीबाईसाठी राखलेली असे. चहा पिताना तिचं एकच बोलणं ठरलेलं. “आमच्यासाठी खुर्ची गेली तुही, भाऊ.” रुपीबाई कपबशी उचलायची आणि आत निघून जायची.

गेल्या पोळ्याच्या सुमाराला बिजलीबाई वारली. आणि त्याच्या पुढच्याच बाजाराला शंकरसिंग आतल्या बाजूला वळून म्हणाले, “रुपी, चहा ठेव वं. बिजलीबाई आली.”

रुपीबाईने दार पाहिलं. उंबऱ्याशी कुणी नव्हतं. वय झालं, डोकं चळलं, असं तिने स्वतःला समजावलं. पण नवऱ्याला खोटं पाडणं जिवावर आलं म्हणून तिने चहा ठेवला, तो गार झाला आणि तिने तो कण्हेरीच्या बुडाशी ओतला. तेव्हापासून दर बाजारी हेच. गावातली कुत्री भरदुपारी सावलीसाठी कुणाच्याही ओसरीत घुसतात, पण बाजाराच्या दिवशी यांच्या ओसरीत एकही पाय ठेवत नसे. हे रुपीबाईच्या ध्यानात आलं होतं. ती ते कुणाजवळ बोलली नाही.

चैत्रातल्या एका बाजारी यवतमाळहून फरहाना नावाची मुलगी आली. विदर्भातल्या खासदारांनी लोकसभेत कशी मतं दिली, त्यांचा वैचारिक कल कसा होता, यावर ती प्रबंध लिहीत होती. मुलगी नम्र होती आणि विचारायची ते नेमकं विचारायची. साहेब तासभर रंगात येऊन बोलले, पहिल्या प्रचाराच्या जीपगाडीपासून दिल्लीच्या थंडीपर्यंत. मग तिने सहज विचारलं, “साहेब, कोळशाच्या जमिनीच्या कायद्याला तुमचं मत काय होतं? तिथली नोंद मी बघेनच, पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

साहेबांनी तोंड उघडलं. हजारदा सांगितलेलं उत्तर, पण ते आलंच नाही. त्यांची नजर उंबऱ्याकडे गेली आणि तिथेच राहिली. फरहाना घाबरली, पाणी आणून दिलं, पुन्हा येते म्हणाली आणि निघून गेली.

लाईट गेली होती, कूलर बंद. खाणीत सुरुंग उडाला की खिडकीची तावदानं बारीक वाजत होती. रुपीबाई नवऱ्याजवळ पदराने वारा घालत बसली.

“तू लोकसभेत वरतं बसली होती ना त्या मताच्या रोजी, पाहुण्याइच्या गॅलरीत?” शंकरसिंग म्हणाले. “खरं सांग. म्या कोणतं बटन दाबलं?”

“तुमाले नाही आठवत?”

“लाल, लाल म्हणून इतकी वर्सं सांगतलं का आता डोये मिटले तरी लालच दिसते. पण मंग ही बाई काहून येते? सुखानं मेलेलं माणूस असं येत नसते, रुपी. तुले ठावक आहे. सांग मले.”

रुपीबाईला सगळं ठाऊक होतं. तिला अक्षर येत नव्हतं, पण रंग तर येत होते. त्या दिवशी सभागृहाच्या भिंतीवरच्या दिव्यांच्या फळ्यावर नवऱ्याचा दिवा कोणता हे तिने आधीच कुणाला तरी विचारून ठेवलं होतं, कौतुकाने. पहिली घंटा झाली की बटण दाबायचं आणि दुसरी घंटा होईपर्यंत दाबून धरायचं, अशी तिथली रीत. दुसऱ्या घंटेला जे असेल ते मत.

नवऱ्याचा चेहरा तिला बघवेना. हा माणूस फार दिवसांचा सोबती नाही, हे तिला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. त्याला सुखाने जाऊ द्यावं, एवढंच तिच्या मनात होतं. आणि त्यासाठी खोटं बोलायचीही गरज नव्हती.

“लाल,” ती म्हणाली. “तुमचा दिवा लाल लागला. म्या माह्या डोयानं पाह्यला.”

म्हातारा लहान पोरासारखा रडला. “लाल होता ना! म्हणलं होतं ना म्या!” तो उंबऱ्याकडे वळला. “ऐकलं ना, बिजलीबाई? लाल होता.”

तो वाट पाहत राहिला. रुपीबाईही त्याच्याकडे पाहत राहिली. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरला.

“जात काहून नाही मंग?” तो पुटपुटला. “अजून बसूनच आहे.”

रुपीबाईने डोळे मिटले. इथे थांबता आलं असतं. पण आता त्या उंबऱ्याची तिलाही भीती वाटायला लागली होती.

“पहिल्या घंटेले लाल होता,” ती म्हणाली. “मंग समोर बसलेल्या तुमच्या पुढाऱ्यानं मान वळवून मांगं पाह्यलं. नुसतंच पाह्यलं. तुमचा लाल दिवा इझला आन हिरवा लागला. दुसऱ्या घंटेले हिरवाच होता.”

तावदानं पुन्हा वाजली.

“हो,” शंकरसिंग म्हणाले. “चष्मा काढला होता त्यानं. हो. हिरवा.” ते नीट उठून बसले, उंबऱ्याला हात जोडले आणि मान खाली घातली. “गुन्हा झाला, बाई. तुमचा तांडा म्या बुडवला.”

चला, सुटला बिचारा, असं रुपीबाईच्या मनात आलं. तिचा जीव हलका झाला, अगदी चहा टाकावा म्हणून ती उठायला लागली.

शंकरसिंगांनी तिचा हात धरला. कुणीतरी हळू आवाजात बोलतंय आणि ते नीट ऐकायचंय, अशी त्यांनी मान कलती केली होती. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत कणव होती.

“ती माह्यासाठी नव्हती येत, रुपी,” ते म्हणाले. “मले विचाराची तिची रीत नाही, म्या शब्द दिला होता. पण तू कुठं शब्द दिला होता? ती तुले विचारून राह्यली.”

“काय विचारते?”

“म्हणते, तू दर बाजाराले मले तुह्या हातानं चहा देत होती. माही अंबाडी घेत होती. तुले ठावक होतं, तं तू काहून नाही सांगतलं?”

रुपीबाईने उंबऱ्याकडे पाहिलं. इतके दिवस तिला तिथे नुसती फरशी दिसत आली होती. आता तिथे बिजलीबाई उकिडवी बसली होती, पाटी मांडीशी घेऊन, आणि थेट तिच्याकडे पाहत होती.

पळून जायला घराला दुसरं दार नव्हतं. ती हळूहळू खाली, फरशीवर, तिच्या समोर बसली.

“सांगते, बाई,” ती म्हणाली.