भांड्यांवरची नावं

दुसरबीडच्या नसीमाला सरकारी कागद आला, तेव्हा ती कल्हईच्या भात्यावर बसली होती. शाळामास्तर उत्तमरावांनी तो आधी मनात वाचला, मग मोठ्याने, आणि टोपी काढून डोकं खाजवत बसले. ‘भांड्यांचं मोठं दुकान’ चालवते म्हणून नसीमावर इन्कमटॅक्स बसला होता. आकडा असा, की भाता, कथील आणि वर दारची शेळी विकली तरी भागलं नसतं. पंधरा दिवसांत भरा, नाहीतर जप्ती.

दुकान म्हणे! नवरा गेल्यापासून सहा वर्षं ती लोकांच्या भांड्यांना कल्हई लावून पोट भरत होती. लग्नसराई तोंडावर आली होती, म्हणून छपराखाली गावभरच्या पातेल्यांचा ढीग लागला होता, एवढंच. कर बसवणाऱ्या साहेबाचा माणूस गावात आला, तेव्हा रंगराव पाटलांनी त्याला चहा पाजला आणि हाच ढीग दाखवला. पाटलांची सावकारी साऱ्या गावाला ठाऊक होती, सरकारला मात्र नव्हती. ती तशीच झाकलेली राहायची तर दुसऱ्या कुणाची तरी श्रीमंती दाखवणं भाग होतं. त्यांना कल्हईवालीची दिसली.

संध्याकाळी पाटील स्वतःच छपराशी आले.

“नसीमा, घाबरू नको. बीबी गावाले सायबाचा तंबू पडला हाय. जा, पाय धर, थोडं रडून घे. मी सांगतो, अर्धा कमी करतीन.”

“अर्धा तरी काऊन भरू, पाटील? दुकान माहं नाईच.”

“हे कशावरून दाखवशीन? वही हाय का तुह्याजवळ?”

वही नव्हती. तिला लिहिता-वाचताही येत नव्हतं. पाटील हसले आणि काठी टेकत निघून गेले. नसीमाच्या अंगाची लाहीलाही झाली. कराची भीती होतीच, पण त्या हसण्याचा राग भीतीपेक्षा मोठा निघाला. ती ढिगाकडे बघत बसली. एक पातेलं उचललं, त्याच्या काठावर बोट फिरवलं आणि तशीच उठून पुंजाजीच्या घरी गाडी मागायला गेली.

सकाळी भांडी गाडीत चढू लागली, तशी आपलं पातेलं ओळखून मनकर्णाबाई धावत आली.

“माहा गंज कुठी नेते वं? परवा पोरीची हळद हाय!”

“साक्ष द्याले नेते, मनकर्णाबाई. उद्या चकचकीत करून आणून देते.”

बीबीला तंबूत साहेब टेबलामागे बसले होते. बाजूच्या खुर्चीवर रंगराव पाटील आधीच येऊन विराजमान. साहेबांनी वर न बघताच विचारलं, “वही आणली?”

“आणली. गाडीत हाय. मले वाचता येत नाई, तुमच्या कारकुनाले वाचाले सांगा.”

कारकून महादेवराव बाहेर गेले आणि गाडीशी उभे राहून डोळे बारीक करत भांड्यांच्या काठांवरची नावं वाचू लागले. लग्नकार्यात भांडी सरमिसळ होतात म्हणून घरोघरी भांड्यांवर नाव घालतात. ते साहेबाच्या माणसाला दिसलं नव्हतं, कारण त्याने पाटलांच्या चहाखेरीज कशालाच हात लावला नव्हता. “मनकर्णाबाई. पुंजाजी. शालूबाई, माहेरकडून भेट. भगवानराव…” साहेब तंबूच्या दाराशी आले. शेवटी नसीमा आणि गाडीवानाने मिळून एक भलंमोठं तपेलं उतरवलं. महादेवराव वाचायला वाकले आणि थांबले.

“वाचा ना,” साहेब म्हणाले.

“रंगराव पाटील. मौजे दुसरबीड.”

पाटील जन्मात कधी स्वयंपाकघरात गेले नव्हते. आपल्या घरात एवढं तपेलं आहे, हेही त्यांना आजच कळलं असावं.

“पाटील,” नसीमा म्हणाली, “तुमीच सांगतलं ना, भांडे माहे म्हणून? मंग हे तपेलं मी नेऊ घरी?”

पाटलांनी उपरण्याने मान पुसली. साहेबांनी वाट पाहिली. “नाई… आमचं हाय ते,” पाटील पुटपुटले.

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी महादेवरावांना सांगितलं, “लिहा. गरीब, निराधार विधवा. दया म्हणून कर माफ. घ्या अंगठा.”

कागद पुढे आला. नसीमाने हात मागे घेतला.

“माफी कोनं मांगली?”

“अगं, भरायचं नाही तुला काही! मग झालं तर.”

“आज तुमची दया हाय, सायेब. पुढच्या साली दुसरा सायेब येईन. त्याच्यापाशी दया नसन तं? अन् निराधार कोन? दोन हात हायत माहे, धंदा हाय. जवा तेवढी कमाई होईन, तवा भरीन कर. चूक तुमच्या कागदाची, मंग माफी मले काऊन?”

साहेबांचं हसू मावळलं होतं. नसीमा जागची हलली नाही. मग साहेबांनी कागद ओढला, आडवी रेघ मारली आणि महादेवरावांकडे सरकवला. “तिचं म्हणणं आहे तसं लिहा.”

“भांडी गिऱ्हाइकांची,” महादेवराव लिहिता लिहिता वाचू लागले. “धंदा कल्हईचा. आकारणी चुकीची, म्हणून रद्द.”

“चुकीची, हे पुन्हा वाचा.”

महादेवरावांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब दुसरीकडे बघत होते.

“आकारणी चुकीची,” महादेवरावांनी पाटलांनाही ऐकू जाईल असं वाचलं.

“आता द्या शाई,” नसीमा म्हणाली.