लाटसाहेब खाली का बसले नाहीत

माझ्या कादंबरीवर संपादकांनी पहिला शेरा मारला तो असा : "बाई, यात माणसं कमी आणि वाद्यं जास्त."

खोटं कशाला बोलू, होतं तसंच. गोष्ट परक्यांच्या राज्यातल्या एका बँडमास्तरची, म्हणून मी दर पानावर काहीतरी वाजवत ठेवलं होतं. कुठे तहाच्या दिवशीचा बिगुल, कुठे शेतसाऱ्याच्या बंडातलं गाणं, कुठे साहेबांच्या मेजवानीतली वॉल्ट्झ नाचाची धून. माझा नायक साधा जिना चढायचा तोसुद्धा कुठल्यातरी लढाईच्या चालीवर. "नमनालाच घडाभर तेल," संपादक म्हणाले, "वाचकाला कळणार कसं कोणती चाल कोणत्या लढाईतली?" मी मुकाट्याने निम्मे संदर्भ उडवले. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार?

पण ते नवव्या प्रकरणावर आले तेव्हा माझं डोकं फिरलं.

त्या प्रकरणात लाटसाहेबांनी बँडमधल्या एका म्हाताऱ्या वादकाला सूर चुकला म्हणून सगळ्यांदेखत छड्या मारवलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी भर उन्हात संचलन असतं. सलामीचं गीत सुरू होतं. ते संपेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, हा नियम साहेबांच्याच राज्याचा. आणि बँडमास्तर गीत संपवतच नाही! शेवटची ओळ आली की काठी पुन्हा वर, पुन्हा पहिली ओळ, आधीपेक्षा संथ. लोकरीच्या कोटात, सलामीचा हात कपाळाशी धरून, साहेब घामाने निथळत उभे. बस्स, एवढंच बंड. ही गोष्ट मला लहानपणी बाबांनी सांगितलेली. ते स्वतः बँडमास्तर. त्यांनी ती त्यांच्या गुरूंकडून ऐकलेली. खरी की रचलेली, त्यांनाही ठाऊक नाही. मी मात्र सगळी कादंबरी त्या एका प्रसंगासाठी लिहिली होती.

"पटत नाही," संपादक म्हणाले. "त्या साहेबाला तोंड नव्हतं? पुरे म्हणाला असता, बसला असता. हे प्रकरण काढा, नाहीतर दुसरा प्रकाशक बघा."

घरी येऊन मी ताटावर बसले आणि ताटातलं काही खाल्लं नाही. आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. बँड बंद केल्यापासून बाबा कशातच लक्ष घालत नसत. वर्तमानपत्रसुद्धा उलटं धरलेलं असायचं. ते एकदम म्हणाले, "बोलाव त्याला घरी. हातच्या कंकणाला आरसा कशाला?"

रविवारी संपादक आले. त्यांच्या आधी बाबांचे दोन जुने साथीदार येऊन बसले होते. एक क्लॅरिनेटकाका, नुकतीच कवळी बसवलेले. दुसरे ढोलकाका, ज्यांचा ढोल दारात अडकला आणि त्यामागे तेही. आईने संपादकांना बाबांचा जुना गणवेशाचा कोट चढवला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. ते हौशीने हसत होते.

बाबांनी अट सांगितली. "आम्ही वाजवणार, तुम्ही सलामी घेणार. नको झालं की खुशाल बसा, मागे खुर्ची आहे. तुम्ही बसलात की तुमचं खरं. ती प्रकरण काढून टाकेल."

मी बाबांचा शर्ट ओढला. "अहो बाबा, काय हे? कुणीही बसेल! पुस्तक माझं आहे, पैज तुम्ही कसली लावताय?"

"गप गं," बाबा म्हणाले आणि त्यांनी काठी उचलली.

बाबांनी बसवलेली चाल मोठी रुबाबदार होती. आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे नवरा-बायको खाली आले आणि दारातच उभे राहिले. आईही उभी, ओला हात पदराला पुसत. पहिल्या वेळी संपादकांनी झोकात सलामी घेतली. दुसऱ्या वेळी त्यांचं नाक खाजायला लागलं. तिसऱ्या वेळी घाम कानामागून कॉलरमध्ये शिरला. चौथ्या वेळी त्यांनी मान न वळवता खुर्चीकडे पाहिलं आणि गुडघे जरासे वाकवले. झालं, म्हटलं, गेलं माझं प्रकरण. तेवढ्यात त्यांची नजर आईवर पडली, दारातल्या दोघांवर पडली, आणि माणूस पुन्हा ताठ झाला!

मी बाबांकडे पाहिलं. गाल लाल, डोळे मिटलेले, काठी हळूहळू खाली येतेय. बाबा पुन्हा बाबा झाले होते. मला इतका आनंद झाला की घटकाभर मी कादंबरीच विसरले.

शेवटी क्लॅरिनेटकाकांच्या कवळीने दगा दिला. लांबलचक चीं असा आवाज निघाला आणि सलामी जागीच कोसळली. हसता हसता ढोलकाका ढोलावर आडवे झाले. संपादक खुर्चीत धपकन पडले आणि बटणं तोडायचीच बाकी ठेवली.

आईने त्यांना पाणी दिलं. मी विचारलं, "अहो, पण बसला का नाहीत? खुर्ची मागेच होती. कुणी अडवलं नव्हतं."

"कमाल करता तुम्ही," ते धापा टाकत म्हणाले. "सगळे उभे होते. तुमच्या आईसुद्धा. मी एकटा कसा बसणार?"

एवढं बोलले आणि त्यांचा पेला तोंडाशीच थांबला. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं. मला तर ते ऐकतानाच कळलं होतं. वर्षभर लिहूनही लाटसाहेबांच्या तोंडचं हे वाक्य मला सापडलं नव्हतं.

आई मात्र वैतागली होती. "माझं काय घेऊन बसलात?" ती म्हणाली. "गुडघे बोंबलत होते माझे. तुम्ही पाहुणे उभे, म्हणून मी उभी!"

दारातले दोघे म्हणाले, "आम्ही पण."

संपादक एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग कोटाची बाही कपाळावर फिरवून मला म्हणाले, "बाई, प्रकरण राहू द्या. पण यांचं बोलणंही त्यात घाला."