नमुना उत्तराला किती मार्क?

वासंतीबाई मूळच्या निपाणीच्या, पण बेंगळुरात पीण्या औद्योगिक वसाहतीजवळच्या शाळेत दहावीला जीवशास्त्र शिकवता शिकवता पक्क्या बेंगळूरकर झालेल्या. त्र्याण्णव साली त्यांनी एक खूळ काढलं. तोंडी परीक्षेत पाठांतराला मार्क नाहीत! आपलं म्हणणं मांडा, पुरावा द्या, समोरच्याचं खोडून दाखवा, त्याला मार्क. हेडमास्तर भीमाचार्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "एकदा मी स्वतः बसून बघतो. पटलं तर चालू ठेवा, नाहीतर आपली जुनी प्रश्नोत्तरं." बाईंचा जीव टांगणीला लागला.

हेडमास्तर मागच्या बाकावर येऊन बसले. प्रश्न होता, डिसेंबरात इडलीचं पीठ का फुगत नाही? बाईंनी वहीत उतरवून दिलेलं नमुना उत्तर होतं, थंडीत जिवाणू मंदावतात. पहिल्या मुलांनी तेच घडाघडा म्हटलं. हेडमास्तरांनी जांभई दिली. झालं, बाईंना वाटलं, बुडालं आपलं खूळ.

मग प्रणिता उठली. वडील कारखान्यात, घरात मराठी, पण आजीला म्हणायचं अज्जी.

"मिस, नुसत्या थंडीनं हे सुटत नाही. आम्ही एकाच पिठाची दोन भांडी एकाच ओट्यावर ठेवली. मीठही सारखं. आईनं डावानं ढवळलं, अज्जीनं हातानं. अज्जीचं फुगलं, आईचं तसंच बसलं. थंडी तर दोघींना सारखीच ना?"

"अज्जीच्या हाताला गुण आहे!" कुणीतरी ओरडलं. वर्ग खदखदून हसला.

प्रणिता हटली नाही. "एकतर हातावरचे जिवाणू, नाहीतर हाताची ऊब. कुठलं, ते मला अजून माहीत नाही."

"मग कळणार कसं?" हेडमास्तर पुढे सरसावले.

"डाव कोमट करून ढवळायचं, सर. तरीही नाही फुगलं, तर ऊब हे कारण मी सोडून देईन."

"अगं, बाईंचं उत्तर खोडतेस, भीती नाही वाटत?"

"भीती कसली, सर? मिसचं खोडलं तरी मार्क, असं मिसनीच सांगितलंय."

बाईंचा ऊर भरून आला. अहाहा, काय ही पोर!

हेडमास्तर उठले. "सरी, ठीक आहे, सगळ्या तुकड्यांना घ्या ही परीक्षा. हिला किती देणार?"

"दहापैकी दहा."

"आणि तुमच्या नमुना उत्तराला?"

"सहा, सर," बाई म्हणाल्या. इतक्या अभिमानानं कमी मार्क त्यांनी आयुष्यात कुणाला दिले नव्हते.