सेकुरूंनी दाबलेली कळ

फाटकावरच्या पहारेकऱ्याला, चिगुमिराला, त्यांनी तीन घावांत आडवं केलं. पण पडायच्या आधी तो भला माणूस मुख्य स्विच खाली ओढून मोकळा झाला होता, त्यामुळे सगळी खाण एका क्षणात गप्प झाली. रुवारशेने हे कंट्रोल रूमच्या खिडकीतून पाहिलं. भर दुपारची वेळ. अकरा माणसं कोयते घेऊन उन्हातून सरळ चालत येत होती. घाई कुणालाच नव्हती. दोघांनी जाता जाता चिगुमिराला आणखी एकेक घाव घातला, उगाच, वाटेतलं झुडूप तोडावं तसा.

खाली एकशे वीस मीटरवर चौदा माणसं कामाला होती आणि त्यांत तिचा धाकटा भाऊ टाफारा होता. वीज रोजच जायची, त्यामुळे खाली कुणाला शंकाही आली नसणार. मागच्याच महिन्यात ही टोळी शेजारच्या खाणीत पिंजऱ्यात, म्हणजे खाणीच्या लिफ्टमध्ये, बसून खाली उतरली होती आणि सोनखडकाची पोती भरून वर आली होती. खालच्या नऊ माणसांना नंतर पोत्यांतूनच वर आणावं लागलं.

दार लाथेने उघडलं. आधी चिमोटो आत आला. कडोमाच्या पंचक्रोशीत त्याचं नाव घेतलं की मोठी माणसंसुद्धा आवाज खाली आणतात, तो हाच. त्याच्या मागून डावा पाय ओढत, तीच विटकी तपकिरी टोपी घालून, सेकुरू झिवानाय आले. सेकुरू म्हणजे मामा, रुवारशेच्या आईचे सख्खे भाऊ.

"सेकुरू, तुम्ही?"

"मीच. घाबरू नकोस पोरी. ह्यांना खडक न्यायचाय, माणसं नाही."

"चिगुमिराला सांगा ते."

सेकुरूंनी मान वळवली. चिमोटोने कोयत्याची सपाट बाजू तिच्या कानशिलात हाणली. ती टेबलावर आपटली आणि तोंडात रक्ताची चव आली.

सेकुरू बावीस वर्षं ह्याच खुर्चीवर बसले होते. पिंजरा वर-खाली करणारा तो जुना प्रोग्राम त्यांच्या बोटात होता. कळ दाबण्याआधी ते उजवी तर्जनी मोडून तिचा कडाड असा आवाज काढायचे, आणि बावीस वर्षांत एकदाही चुकीची कळ दाबली नाही हे गावात दारू पिणाऱ्या प्रत्येकाला किमान दहा वेळा ऐकवून झालं होतं. रुवारशेला त्यांनीच शिकवलं, शेजारी स्टुलावर बसवून. मग जुना कॉम्प्युटर जळाला. नवा आला, पण त्याला जुन्या प्रोग्रामची भाषा कळेना. रुवारशेने मध्ये एक दुभाष्या प्रोग्राम बसवला आणि जुनं सगळं नव्यावर चालवून दाखवलं. मालक खूश झाला. म्हणाला, आता एकटी पोरगी दोघांचं काम करेल. सेकुरूंना त्याच संध्याकाळी काढलं. ती त्यांच्या बाजूने एक शब्द बोलली नाही. बोलायला हवं होतं.

कुणीतरी स्विच वर ढकलला. दिवे लागले, कॉम्प्युटर जागा झाला. चिमोटोची आठ माणसं पिंजऱ्यात शिरली. पिंजऱ्याचं दार आपोआप कुलूपबंद झालं. ते आता खाली पोचल्यावरच उघडणार होतं. दोघं फाटकावर थांबले.

रुवारशे टाइप करायला लागली तसा चिमोटोने कोयता तिच्या मानेवर टेकवला. "काय लिहितेय ही?"

"लिहू दे," सेकुरू म्हणाले. "वीज गेली की हा नवा कॉम्प्युटर वायरींची नावं विसरतो. रोज हजेरी घ्यावी लागते. हा बसवला तेव्हा मी बघितलंय. माझी भाची आहे, फसवणार नाही."

हजेरीचं खरंच होतं. जुन्या प्रोग्रामला जगात दोनच नावं ठाऊक होती. कॉम-एक म्हणजे पिंजऱ्याचं यंत्र, कॉम-दोन म्हणजे भोंगा. नवा कॉम्प्युटर मात्र जी वायर आधी जागी होईल तिला पहिला नंबर देऊन टाकायचा. म्हणून दर वेळी दुभाष्याला दोन ओळींत सांगावं लागे की कॉम-एक म्हणशील तेव्हा ही वायर, कॉम-दोन म्हणशील तेव्हा ती. पडद्यावर जुनीच नावं दिसत. नावांमागे कोण उभं आहे हे फक्त लिहिणाऱ्याला माहीत. एवढं एक सेकुरूंना कधी शिकायला मिळालं नव्हतं.

नकार दिला तर ती मरणार आणि हे लोक शिडीने उतरणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. भोंगा वाजला तर खालची माणसं जुन्या बोगद्यात शिरून लोखंडी दार आतून लावून घेणार. नियमच तो. शिवाय पुलावरच्या सैनिकांच्या चौकीपर्यंत तो आवाज जातो. पण जो कळ दाबेल त्याला चिमोटो सोडणार नाही, हेही तेवढंच स्पष्ट होतं. तिने वायरी उलट्या लिहिल्या. कॉम-एकच्या मागे भोंगा. ठरलं होतं. दाबणार तीच होती.

पडद्यावर जुना हिरवा चौकोन उमटला. तिने हात पुढे केला.

"ऊठ," सेकुरू म्हणाले.

"मी दाबते, सेकुरू."

"ऊठ म्हटलं ना. दोन वर्षं बसलीस तेवढं पुरे. खुर्ची माझी आहे." आणि चिमोटोकडे बघून, छाती काढून म्हणाले, "बावीस वर्षांत एक चूक नाही. विचार कुणालाही."

ती बोलू शकली असती. नुसती मान हलवली असती तरी म्हातारा ओळखण्याइतका शहाणा होता. पण मानेवर कोयता होता आणि खाली टाफारा होता. ती उठली.

सेकुरू बसले. तर्जनी कडाडली. त्यांनी कॉम-एक निवडलं, कळ दाबली, आणि डोक्यावर भोंगा असा काही किंचाळला की खिडकीच्या काचा थरथरल्या. पिंजरा बोटभरही हलला नाही.

सेकुरू पडद्याकडे बघतच राहिले. "कॉम-एकच दाबलंय," ते म्हणाले. "बघ ना. एकच आहे."

चिमोटोने बघितलं नाही. त्याने पहिला घाव त्या हातावर घातला. पंजा मनगटापासून तुटून कीबोर्डवर राहिला. सेकुरू ओरडलेही नाहीत. तुटलेला हात छातीशी धरून ते अजून पडद्यावरचं नाव वाचत होते. दुसरा घाव मानेवर बसला. टोपी रुवारशेच्या पायाशी आली.

भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं तिने कधी काढलं हे तिलाही कळलं नाही. चिमोटो वळत होता तेव्हा पहिला फटका त्याच्या जबड्यावर बसला. कोयता सुटला. दुसऱ्या फटक्याला तो गुडघ्यावर आला. तिसरा, चौथा, पाचवा तिने मोजलाच नाही. सैनिकांनी येऊन तिचे हात धरले तेव्हा मारण्यासारखं तिथे फारसं उरलं नव्हतं. फाटकावरचे दोघे पळून गेले होते. पिंजऱ्यातले आठ जण खुराड्यातल्या कोंबड्यांसारखे आतल्या आत एकमेकांना शिव्या देत सापडले.

चौदाच्या चौदा माणसं वर आली. टाफाराच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

तिसऱ्या दिवशी सेकुरूंना पुरलं. यावं की नाही असा अर्ध्या गावाला प्रश्न पडला होता, कारण शेवटी ते टोळीबरोबर आले होते. पण बहुतेकांनी आपली समजूत करून घेतली होती. म्हातारा प्यायलेला असणार, बोट घसरलं, चुकीची कळ दाबली गेली आणि देवाने पोरं वाचवली. बावीस वर्षांच्या बढाईचं असं हसं झालं होतं.

आमच्याकडे मेलेल्या माणसाची नक्कल करायचा मान भाच्यांचा असतो. त्याची टोपी घालायची, त्याच्यासारखं बोलायचं, रडणाऱ्यांना हसवायचं. मामीने स्वतः येऊन रक्त धुतलेली टोपी रुवारशेच्या डोक्यावर ठेवली. "तुझंच काम आहे," ती म्हणाली.

रुवारशे उलट्या बादलीवर बसली. तर्जनी कडाडवली. लोक रडता रडता हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "आता चुकीची कळ दाब!" आणि हशा पिकला. टाफाराही हसला.

तिने बोट हवेत धरलं. मग खाली घेतलं.

"कळ बरोबर होती," ती स्वतःच्या आवाजात म्हणाली. "सेकुरूंनी कॉम-एकच दाबलं होतं. नावं मी बदलली होती. जो दाबेल तो मरणार, हे मला माहीत होतं. आणि मी खुर्ची सोडली."

हसू विझलं. टाफाराने तोंड हातांत झाकून घेतलं. मामी उठली, गर्दीतून वाट काढत आली आणि तिने रुवारशेच्या तोंडात अशी भडकावली की ती बादलीवरून खाली पडली, ओठ पुन्हा फुटला. कुणी मध्ये पडलं नाही.

मामीने मातीतली टोपी उचलली, झटकली आणि परत तिच्या डोक्यावर ठेवली.

"एक चूक नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग रुवारशेला म्हणाली, "आता त्यांचं चालणं दाखव. लोक बसलेत."

रुवारशे उठली आणि डावा पाय ओढत चालायला लागली.