आत्याचा मान

पोरगं हाताबाहेर गेलं की आपल्याकडे एकच औषध सगळ्यांना तोंडपाठ असतं. दारू पितो? लग्न करून द्या. घरात लक्ष नाही? लग्न करून द्या. डोकं फिरलंय? मग तर उद्याच बार उडवा! या औषधाने रोगी बरा झालेला मी तरी पाहिला नाही. आणि ज्या पोरीला औषध म्हणून उगाळून पाजतात तिचं पुढे काय होतं, हे तर कोणी विचारतच नाही.

त्र्याऐंशी सालच्या माघात आसगावच्या गोमाजींनीही हेच औषध काढलं. त्यांचा मुलगा हिरालाल भंडाऱ्याला खोली करून राहत होता, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. एकदा गोमाजी तांदळाचं पोतं घेऊन न कळवता गेले आणि दार ढकलून सरळ आत शिरले. आत त्यांचा मुलगा साडी नेसून आरशासमोर उभा होता. पोतं तिथेच टाकून ते मागे फिरले, कोणाजवळ एक अक्षर बोलले नाहीत. पंधरवड्यात आंधळगावच्या देवाजींची मुलगी पसंत करून साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस धरून मोकळे झाले.

घरात बाईमाणूस एकच, गोमाजींची बहीण धुरपताबाई. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच नवरा घर सोडून गेला, तेव्हापासून ती भावाकडे. हिरालालची आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला वाढवलं. पण गावाच्या लेखी ती ‘टाकलेली’. कार्यात राबायला ती हवी, कुंकवाच्या ताटाला मात्र तिचा हात नको. एकच मान तिला जन्मात मिळाला होता. हिरालालच्या बारशाला कानात नाव सांगायला दुसरी आत्याच नव्हती, म्हणून तिला पुढे बोलवावं लागलं होतं.

साक्षगंधाच्या सकाळी ती मागच्या अंगणात तांदूळ पाखडत होती. हिरालाल खांद्याला थैली अडकवून आला.

"आत्या, मी पळून चाललो."

"कायले?"

"मी पोट्टा नाई, आत्या. अंग पोट्ट्याचं आहे, पण मी नाई. लहान होतो तवापासून नाई."

सूप थांबलं. आत्या रडेल, कपाळ बडवून घेईल, असं हिरालालला वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "मंग, काय ठरवलं होतं तू?"

ठरवलेलं सगळं होतं! आधी परीक्षा. तोवर शर्ट-पँट आणि तोंड बंद, कारण कॉलेजात कळलं तर प्रॅक्टिकलच्या टेबलावर शेजारी कोणी उभं राहणार नाही. मग नागपूरला नोकरी. तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांना भेटूनही झालं होतं. त्यांनी हाकललं नाही. "घाई करू नकोस, आधी स्वतःच्या पायावर उभी राहा," म्हणाले. मग त्यांच्या देखरेखीखाली औषधं, केस वाढवणं, साडी नेसून कामावर जाणं, आणि सगळ्यात शेवटी मुंबईचं ऑपरेशन. डॉक्टर ‘उभी राहा’ म्हणाले होते, हे सांगताना तिला हुंदका आवरेना. होय, तिला. यापुढे मी तिला ‘ती’च म्हणणार, ज्याला खटकेल त्याने पान उलटावं.

"बाबांनी सगळं मोडलं. आता कायचं कॉलेज? नागपूरले माझ्यासारख्यांचा डेरा आहे. थे लोक ठेवून घेतील मले."

"ठेवून घेतील तं त्याइचे उपकार. पण तू शिकून जाय. धानाचे पऱ्हे कोवळे उपटले तं जगत नाई, जून झाले तं फुटत नाई. रोवण्याची वेळ तू बरोबर धरली होती. ते सोडू नको."

"मंग टिळा लावून घेऊ? त्या पोट्टीचं काय?"

धुरपताबाईचा चेहरा एकदम पांढरा पडला. "थैली ठेव," ती म्हणाली. "बैठकीत जाऊन बस. आज मी बोलते."

पाहुणे आले. पाट मांडला, टॉवेल-टोपी आली. देवाजींनी टिळ्यासाठी कुंकवात बोट बुडवलं, तोच धुरपताबाई बैठकीत येऊन उभी राहिली.

"तू काहून आली इथं? आत जाय!" गोमाजी ओरडले.

"दादा, माझं आयुष्य कोणी नासवलं?"

"आज हे कायले काढलं? त्या हरामखोरानं नासवलं, दुसऱ्या कोणं!"

"त्यानं पहिल्याच रात्री हात जोडले माझ्यासमोर. म्हणे, मी मनातून बाई आहो, मले माफ कर. वर्षभर एका घरात दोघं रडलो आमी. इतके वर्षं गाव मले वांझ म्हणे, तुमी त्याले शिव्या देत होते, मी तोंड उघडलं नाई. पण त्याच्या बापाले सारं माहीत होतं, दादा! लग्न केलं का सुधरते म्हणून त्यानं मले घरात आणली."

"माहीत असून?" गोमाजी उठले. "असा बाप आज माझ्यासमोर आला तं जोड्यानं..."

वाक्य तिथेच अडकलं. धुरपताबाई नुसती भावाकडे पाहत राहिली.

"गोमाजी," देवाजींचा आवाज बदलला, "पोट्ट्यात काई आहे का?"

‘बाई येडी आहे, मनावर घेऊ नका,’ एवढं म्हटलं की भागणार होतं. गावाने लगेच मान डोलावली असती. हिरालालने पाटावर डोळे मिटून घेतले. गोमाजींनी लेकराकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि टोपी उचलून देवाजींच्या हातात परत दिली.

"माझ्या लेकरात खोट नाई, देवाजी. पण ते कोणाचा नवरा नाई होऊ शकत. खोट माझ्यात आहे. मले माहीत होतं आन् मी लपवलं."

देवाजी ताडकन उठले. हात उगारलाच होता त्यांनी! मग तो हळूहळू खाली आला. "आज मारलंच असतं तुले," ते म्हणाले, "पण माझी पोट्टी वाचली." त्यांच्या पत्नी सुमनबाई पुढे आल्या, आणि त्याच ताटातलं कुंकू त्यांनी धुरपताबाईच्या कपाळी लावलं. धुरपताबाई तेव्हा कुठे रडली.

पाहुणे न जेवताच गेले. धुरपताबाईने हिरालालला जवळ ओढलं.

"बारशाचा मान आत्याचा असते. मीच चुकली होती, मीच दुरुस्त करते." आणि तिने त्याच कानात काहीतरी सांगितलं. "परीक्षा होऊ दे. तोवर कानातच ठेव."

ते नाव तेव्हा दोघींनाच ठाऊक होतं. पुढे नागपूरच्या एका प्रयोगशाळेत सगळे तिला विमलाबाई म्हणू लागले.

गोमाजी मात्र त्या दिवशी दुपारभर ओसरीत बसून होते. संध्याकाळच्या एसटीला ती भंडाऱ्याला परत निघाली, तेव्हा खाली मान घालून म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तांदूळ घेऊन येतो. दार वाजवून येईन."

बंधूंनो, भगिनींनो, लग्न हे औषध नव्हे, आणि दुसऱ्याची मुलगी ही औषधाची पुडी तर मुळीच नव्हे. आपल्या लेकराने आपलं आयुष्य विचार करून, वेळ धरून आखलं असेल, तर त्याला शिकू द्या आणि त्याच्या वेळेने वाढू द्या. त्याच्याही आयुष्याला एक दार असतं. जन्म दिला म्हणून ते ढकलून आत शिरायचं नसतं. बापानेही ते वाजवावं आणि आतून ‘या’ म्हणेपर्यंत थांबावं.